गडग्यातला साप: फुरसं की मांजऱ्या?

कलमवाला
रत्नागिरीजवळ कातळावर आमची हापूसची कलमं आहेत, बागेला जांभ्याचा गडगा. काल तिन्हीसांजेला गडी ढासळलेला भाग रचत होते, तेव्हा दोन चिऱ्यांमधून साप निघाला. तपकिरी, पाठीवर काळसर कडांचे पांढरट ठिपके, डोक्यावर फिकट खूण. लांबी हातभरही नसेल. गडी म्हणतात फुरसं. शेजारचे काका म्हणतात मांजऱ्या, काही करत नाही. फोटो हलला. ओळखायचं कसं?

सड्यावरचा
डोक्यावर बाण म्हणजे फुरसं. विषय संपला.

कातळफिरस्ता
एवढ्यावर संपत नाही हो. खूण मांजऱ्याच्या डोक्यावरही असते, आणि डोळ्यातली उभी बाहुली दोघांचीही. मी आधी अंगकाठी बघतो. मांजऱ्या सडपातळ, मान बारीक, शेपूट लांब निमुळती, वाढला तर तीन फुटांचा. फुरसं आखूड, अंगानं जाडसर, शेपूट लगेच संपते. आपल्या कोकणातली बहुतेक फूटभराचीच. मांजऱ्याच्या डोक्यावर मोठे गुळगुळीत खवले, फुरशाच्या बारीक आणि खरखरीत. पण ते बघायला झूम वापरा, मान पुढे काढू नका.

पक्की खात्री आवाजावरून. बिथरलेलं फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासत राहतं. कुशीवरच्या तिरप्या रांगांतले खवले दातेरी असतात, त्यामुळे लाकडावर करवत ओढावी तसा खर्र-खर्र आवाज येतो. हा फूत्कार नव्हे, तोंडाचा त्याच्याशी संबंध नाही. वेटोळी फिरत असतात, डोकं मात्र मधोमध रोखलेलं, आणि तिथूनच झेप येते. मांजऱ्याही अंगावर येतो, शेपूट थरथरवतो, पण हा आवाज त्याच्याकडे नाही.

मांजऱ्या जास्त करून झाडाझुडपांत, पाली-सरड्यांच्या मागे. फुरसं दिवसा दगडाखाली. विंचू, गोम, पाल, बेडूक असं सगळं खातं, म्हणजे तुमचा गडगा त्याला घरबसल्या पोसतोय. अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतं. पावसात झुडपावरही चढतं, तेव्हा गवत काढताना नुसतं खाली बघून भागत नाही.

तुमचा साप? मांजऱ्याचं पिल्लूही तेवढंच असतं. पण जांभ्याच्या फटीतून निघालाय, तर फुरसं धरूनच वागा.

रात्रपाळी
ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. सुरुवातीला नुसती सूज आणि दुखणं असतं, म्हणून लोक घरी बसतात, मग हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जायला लागल्यावर धावतात. आम्ही काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं हलवत नाही. तरीही पातळ राहिलं तर लस सुरू. ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारींवर चालते, तेव्हा साप मारून पिशवीतून आणू नका. आवळून बांधू नका, चिरू नका. हात-पाय स्थिर ठेवा आणि 108 ला फोन करा.

कलमवाला
आभार. काकांना वाचून दाखवलं, ते अजून मांजऱ्यावरच ठाम आहेत. काम तर सोमवारी परत सुरू करायचंय.

कातळफिरस्ता
मग गड्यांना बूट द्या, आणि चिऱ्याखाली बोटं घालायची नाहीत. पहारीनं पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे आपल्या आणि सापाच्या मधे चिरा राहतो.