रात्री 14 जणींमागे मी एकटी. दुसरी दीदी मागायची कशी?

नाइट ड्यूटीवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझं माहेर रामबागेतलं, आता सुदामा नगरला राहते. शहराबाहेर बौद्धिक दिव्यांग आणि ऑटिझम असलेल्या मुलींचं एक निवासी केंद्र आहे, तिथे सात वर्षं दीदी म्हणून, म्हणजे मुलींना सांभाळायचं, काम करते. मुली म्हणायचं, पण सगळ्यात लहान 19 ची आणि सगळ्यात मोठी 47 ची. संस्थेचं नाव लिहीत नाही. मला ही नोकरी हवी आहे, आणि तिथली माणसं वाईट नाहीत.

ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ. आत 14 मुली आणि मी. फाटकावर चौकीदार असतो, पण त्याला आत यायची परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. पगार 9,500, रोख. महिन्याला दोन छुट्ट्या.

मागच्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमाराला एकीला झटका आला. तिला मिरगी आहे. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी ओढणी घडी करून घातली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर ॲम्ब्युलन्स बोलवायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून तिथून हलता येत नाही. चौथं मिनिट चालू असताना मागच्या दाराची कडी वाजली. ती कडी कोण काढते ते मला न बघता कळतं. ती 26 वर्षांची आहे, ऑटिझम, बोलत नाही. खोलीत गडबड झाली की तिला बाहेर जायचं असतं. मी हाक मारली, पण उठले नाही. उठणार कशी?

झटका थांबला, श्वास नीट झाला, तेव्हा धावले. ती अंगणातल्या हौदाच्या कठड्यावर बसली होती, पाय आत सोडून.

मी घाईत तिला मागून धरलं. तिला मागून धरलेलं चालत नाही, हे मला माहीत आहे, तरी धरलं. ती माझ्या दंडाला कडकडून चावली. रक्त आलं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, तीन दिवस हात वर होईना. त्या तीन दिवसांचा पगार कापला. दवाखान्याचे 640 रुपये माझ्याच पर्समधून गेले. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "दीदी, ये तो सेवा है."

सेवा मी करतेच. पण चौकीदाराचे तास मोजले जातात, गाडीवाल्याच्या फेऱ्या मोजल्या जातात, त्यांना कुणी सेवा म्हणत नाही. माझे बारा तास तेवढे सेवेत जातात.

आणखी एक सांगायचंय. ती मुलगी पोटात दुखायला लागलं की गुणगुणते. नाकातून, एकच सूर, मध्येच तोडून. पाळीच्या आदले दोन दिवस हमखास. तेव्हा गरम पाण्याची पिशवी दिली की पोटाशी धरून झोपते. नाही दिली तर आधी स्वतःचं मनगट चावते, मग समोर जो असेल त्याला. हे कळायला मला दीड वर्ष लागलं. या सात वर्षांत किती दीदी आल्या नि गेल्या ते परवा मोजलं, 23 झाल्या. कुणी चार महिने टिकली, कुणी चार दिवस. प्रत्येक नवीला ती चावली, दर वेळी रजिस्टरमध्ये "आक्रमक" असं लिहिलं गेलं, आणि दोनदा औषध वाढलं. ती आक्रमक नाही हो. तिचं पोट दुखतं.

शनिवारी मीटिंग आहे. रात्री दुसरी दीदी हवी, आणि ड्यूटीवर लागलं तर खर्च नि पगार संस्थेनं द्यावा, एवढंच मागायचंय. नोकरी न गमावता हे कसं मांडू? कायद्यातलं मला काही कळत नाही.

एका मुलाची आई (तिलक नगर)

ताई, वाचून हात थरथरले. माझा मुलगा 31 चा आहे, डाउन सिंड्रोम. अजून घरीच असतो, पण मी 62 ची झाले, आज ना उद्या अशाच एखाद्या ठिकाणी ठेवावं लागेल. केंद्र बघायला गेले की आम्ही आयाबाया खोल्या बघतो, बाथरूम बघतो, जेवण चाखतो. रात्री किती माणसं असतात हे मी एकदाही विचारलं नाही. यापुढे तेच आधी विचारीन.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. कलम 24. माझ्या घरी तो भत्ता आजवर आलेला नाही. पण निदान कायद्यानं हे काम पैशाचं काम मानलंय, एवढं तुम्ही मीटिंगमध्ये नक्की म्हणू शकता. तिथल्या पालकांपैकी एखादी आई तुमच्या बाजूनं बोलेल का बघा. आमचं ऐकावं लागतं, फी आम्ही भरतो.

निवृत्त हिशेबनीस

ताई, कामाचं तेवढं सांगतो. सगळ्यात आधी एकूण माणसं मोजा. फक्त दीदी नाही, स्वयंपाकीण, ड्रायव्हर, चौकीदार, सफाईवाली, ऑफिसातले, सगळे. 10 किंवा जास्त भरले तर ईएसआय, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी विमा, बघायचं, 20 किंवा जास्त भरले तर पीएफसुद्धा. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा 21,000 आहे, तुम्ही त्यात बसता. कर्मचाऱ्याचा हिस्सा 0.75 टक्के, संस्थेचा 3.25 टक्के. म्हणजे तुमच्या 9,500 मधून महिना 72 रुपये, संस्थेचे 309. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. एवढ्यावर नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलात इलाज, आणि ड्यूटीवर दुखापत होऊन तीन दिवस किंवा जास्त घरी बसावं लागलं तर सरासरी पगाराच्या 90 टक्के.

आता पगार. मध्य प्रदेशात एप्रिल 2024 पासून अकुशल कामगाराचं किमान वेतन महिना 11,800 ठरलं. मालक मंडळी कोर्टात गेली, हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठानं स्थगिती दिली, ती डिसेंबर 2024 मध्ये उठली. त्यावर महागाई भत्ता वाढत असतो. हा दर 8 तासांच्या दिवसाचा आहे, तुम्ही 12 तास करता. राज्याचं श्रमायुक्त कार्यालय आपल्या इंदुरातच आहे, चालू दर तिथे विचारून घ्या. पण शनिवारी तक्रारीची भाषा नको. पहिल्या दिवशी ईएसआय आणि पगाराची पावती मागा. पगार रोख असेल तर सही कुठल्या आकड्यावर करता, ते सही करण्याआधी वाचा.

विशेष शिक्षिका

बाई, ते गुणगुणणं लिहून काढा. आजच. आम्ही दोन वर्षं पदविका करतो, पुनर्वास परिषदेत नाव नोंदवतो, आणि इतकं बारीक निरीक्षण करणारी माणसं आमच्यातही थोडी असतात.

एका मुलीला एक पान. दुखलं तर काय करते, कशाला घाबरते, कुठून हात लावायचा, काय दिलं की शांत होते. हे पान दाराच्या आत लावलं की नवी दीदी पहिल्या रात्रीपासून सुरक्षित. शिवाय चावण्याची प्रत्येक घटना तारीख-वेळेसह लिहा, आधी काय घडलं आणि नंतर काय केलं, दोन्ही. सहा महिन्यांच्या तारखा पाळीच्या तारखांशी जुळवून डॉक्टरांना दाखवा. औषध वाढवायचं की पोटदुखीवर उपचार करायचे, हे तो कागद बघून ठरेल.

आणि हौदाला झाकण बसवून घ्या. त्यासाठी शनिवारची वाट बघू नका.

एका छोट्या संस्थेचा विश्वस्त

दुसऱ्या बाजूनंही लिहितो. आमच्याकडे वाढदिवसाला, पितृपक्षात लोक येतात, गोडाचं जेवण देतात, पंखे देतात, नावाची पाटी लावतात. रात्रपाळीच्या बाईचा पगार द्या म्हटलं की गप्प होतात. ताईंचं मागणं योग्यच आहे. मीटिंगमध्ये दुसऱ्या दीदीचा वर्षाचा खर्च मांडा, आणि तो देणगीच्या पत्रकावर वेगळ्या ओळीत छापा असं सुचवा. आम्ही यंदा तसं छापलंय.

नाइट ड्यूटीवाली (इंदूर)

सगळ्यांचे आभार. बोटांवर मोजलं, आम्ही 13 भरतो. हिशेबनीस काका, 72 आणि 309 मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय. दिवसपाळीच्या दोघी माझ्यासोबत बसायला तयार आहेत, आणि तिलक नगरच्या काकू, तुम्ही म्हणालात म्हणून एका मुलीच्या आईला फोन केला. ती धारहून येतेय.

हौदावर काल पत्रा टाकला. तूर्त दोन फरशा ठेवल्यात वर.

त्या मुलीचं पान रात्री लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, मग हिंदीत उतरवलं, कारण बाकीच्या दीदी हिंदीच वाचतात. गुणगुणणं शब्दात कसं लिहायचं ते सुचेना. शेवटी फोनवर तो सूर रेकॉर्ड केला, बारा सेकंदांचा. बाई, हे चालेल ना?