मदत हवी आहे : स्ले द स्पायरमध्ये सायलेंटचा विषाचा डेक चॅम्पपाशी अडकतोय

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. फोनवर स्ले द स्पायर हा पत्त्यांचा गेम खेळतोय. आमच्या जांबोटीकडं पाऊस लागला की लाईट जाते आणि रेंजही जाते, पण हा गेम नेटशिवाय चालतो. त्यामुळं सुट्टीत मामाचा पोरगाही त्याला चिकटलाय. खानापुरात मराठी शाळेत आठवीला आहे. युट्यूबवर समजावणारे इंग्रजीतून इतकं भरभर बोलतात की त्याच्या पदरात काही पडत नाही. तो मला विचारतो आणि मला खेळता येतं तेवढं सांगता येत नाही. त्याला वाचून दाखवता येईल असं कुणी नीट मराठीतून लिहिलं तर फार बरं होईल.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मनोरा चढायचा, तीन टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी एक बॉस. लढाई जिंकली की तीन कार्डं समोर येतात, त्यातलं एक घ्यायचं नाहीतर तिन्ही सोडायची. दर चालीला हातात पाच कार्डं आणि तीन एनर्जी. मेलं की डेक, म्हणजे जमवलेली सगळी कार्डं, गेला, परत पहिल्यापासून.

मी सायलेंट हे पात्र घेतो. पहिला टप्पा बहुतेक वेळा निघतो. दुसऱ्याच्या शेवटी चॅम्प आला की घोडं अडतं. कालचा डेक असा होता: स्ट्राइक चार, डिफेंड पाच, न्यूट्रलाइज, सर्व्हायव्हर, डेडली पॉयझन तीन, बाउन्सिंग फ्लास्क दोन, नॉक्शस फ्युम्स, अपग्रेड केलेलं कॅटॅलिस्ट (साधं असेल तर शत्रूवरचं विष दुप्पट करतं, अपग्रेड केलेलं तिप्पट), बॅकफ्लिप दोन, ब्लेड डान्स तीन, अ‍ॅक्युरसी, लेग स्वीप, डॅश, आणि वरची किरकोळ चार. एकूण तीस.

चॅम्पचं रक्त ४२०. विष चांगलं साठतं, पण तो निम्म्याखाली गेला की चिडतो, अंगावरचं सगळं विष झटकतो आणि सहा स्ट्रेंथ वाढवून घेतो, म्हणजे प्रत्येक घाव सहानं जड. त्यानंतरचे दोन घाव निदान सोळा-सोळाचे. तोवर माझ्या हातात भलतीच कार्डं असतात.

मग विषाचं पहिल्या कार्डापासून ठरवून चालायचं, की येईल तसं घेत जायचं? समोर आलेलं चांगलं कार्ड सोडायचं हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि या चॅम्पला विषानं मारता येतं का मुळात?

निपाणीचा आयर्नक्लॅड

मारता येतं की. आधी डेकचं बघू.

तीस कार्डं, चालीला पाच. म्हणजे सगळा डेक एकदा हाताखालून जायला सहा चाली. कॅटॅलिस्ट एकच, ते पहिल्या चालीत येईल नाहीतर सहाव्या. वीस कार्डांचा डेक असता तर चार चालींत नक्की दिसलं असतं. बॅकफ्लिपनं थोडं लवकर येतं ते धरलं तरी फरक मोठा आहे. वडापमध्ये माणसं कोंबल्यासारखी कार्डं भरू नकोस. चांगलं आणि आपल्या कामाचं यात फरक असतो. तुझं अ‍ॅक्युरसी कार्ड उत्तम आहे, पण ते शिव्हच्या, म्हणजे ब्लेड डान्समधून येणाऱ्या छोट्या सुऱ्यांच्या, डेकात. विषाच्या डेकात ते आलं की त्या चालीला एक पान वाया.

दुकानात कार्ड काढून टाकता येतं. पहिल्यांदा ७५ सोनं, पुढं दर वेळी २५ जास्त. स्ट्राइक काढ. सहा नुकसान करणारं कार्ड दुसऱ्या टप्प्यात नुसती जागा अडवतं.

भावाला हे कागदावर मांडून दाखव: विष दर चालीला आपल्या आकड्याइतकं लागतं आणि एकनं घटतं, म्हणून १० विष म्हणजे १० + ९ + ८ असं उतरत एकूण ५५ नुकसान. तेच दुप्पट करून २० केलं तर २१०. दुप्पट विषाला जवळजवळ चौपट फळ. आठवीतल्या पोराला हे गणित आवडेल आणि कॅटॅलिस्टसाठी आपण एवढा जीव का टाकतो तेही कळेल.

शहापूरची सायलेंट

निपाणीकरांशी निम्मी सहमत. डेक बारीक ठेवा म्हणून सांगतो आपण, आणि नवीन पोरं पहिल्या टप्प्यातच कार्डं सोडायला लागतात. तिथं ग्रेमलिन नॉब हा शत्रू भेटला की संपलं. तुम्ही स्किल कार्ड (थेट घाव न घालणारं) टाकलं की त्याची स्ट्रेंथ दोननं वाढते, आणि डेडली पॉयझन हे स्किल आहे, कॅटॅलिस्टही स्किल. नुसतं विष घेऊन गेलेला माणूस त्याला स्वतःच्या हातानं मोठा करतो. म्हणून पहिल्यापासून विष ठरवायचं नाही. सुरुवातीला मारणारी कार्डं घ्यायची: डॅश, डॅगर थ्रो, आणि सगळ्यात बरं पॉयझन्ड स्टॅब, कारण ते अटॅकही आहे आणि तीन विषही देतं. ब्लेड डान्सही तिथं एक चालेल, तीन नकोत. नॉक्शस फ्युम्स किंवा कॅटॅलिस्ट हाती आलं की मग विषाकडं वळायचं.

सोडायचं कसं, तर नकाशाच्या वर बॉसचं चित्र असतंच. कार्ड समोर आलं की मी एवढंच बघते, त्या बॉससमोर पाचांच्या हातात हे आलं तर मला आनंद होईल का? नाही वाटलं तर सोडते.

आता चॅम्प. जांबोटीकर, फ्युम्स हे पॉवर आहे, म्हणजे एकदा लावलं की लढाईभर चालतं. ते तुमच्या अंगावर असतं, त्याच्या नाही. तो झटकतो ते साठलेलं विष, फ्युम्स दर चालीला दोन घालतच राहतं. म्हणून पहिल्या निम्म्यात कॅटॅलिस्ट खर्चायचंच नाही. एकदा वापरलं की त्या लढाईपुरतं गेलं. फ्युम्स लावायचं, फुटवर्क (ढाल वाढवणारं पॉवर) असेल तर तेही, आणि सावकाश त्याला निम्म्यावर आणायचं. तो चिडण्याची चाल दाखवेल तेव्हा विषाचं एकही कार्ड टाकू नका, ते पाण्यात जाणार.

पुढच्या चालीत दोन घाव येणार. तेव्हा लेग स्वीप आणि डेडली पॉयझन, बरोबर तीन एनर्जी. लेग स्वीपच्या वीकमुळं त्याचा मार पाव भागानं घटतो, बत्तीसचे चोवीस होतात, अकरा ढालीवर जातात. अंगावर तेरा. विष फ्युम्सचे दोन आणि हे पाच, म्हणजे सात. ते सात लागतात, सहा उरतात. त्यानंतरच्या चालीत फ्युम्सचे दोन, आठ झाले. फ्लास्क टाका, समोर एकटाच आहे म्हणून नऊच्या नऊ त्यालाच, सतरा. त्यावर अपग्रेड केलेलं कॅटॅलिस्ट: एक्कावन्न. पुढच्या तीन चालींत दीडशेच्या वर नुकसान होतं, तुम्ही फक्त ढाल धरायची.

जांबोटीकर

ताई, हे वाचून दाखवलं. त्यानं वहीत उतरवून घेतलं आणि एक्कावन्नला दोनदा अधोरेखित केलं. मनापासून आभार, दोघांचेही. एकच राहिलं: ही कार्डं त्याच दोन चालींत हातात यायची कशी?

शहापूरची सायलेंट

वेल लेड प्लॅन्स नावाचं पॉवर आहे, त्यानं चाल संपताना एक कार्ड हातात राखता येतं, अपग्रेड केलं तर दोन. विषाच्या डेकात मी ते दिसलं की घेते. कॅटॅलिस्ट राखून ठेवायचं आणि वाट बघायची. नाही मिळालं तर अ‍ॅक्रोबॅटिक्स हे कार्डं खेचणारं कार्ड आधी अपग्रेड करा, बॅकफ्लिपही कार्डं खेचतं.

निपाणीचा आयर्नक्लॅड

आणि चॅम्प पार झालाच तर तिसऱ्या टप्प्यात टाइम ईटर हा बॉसही निम्म्याखाली गेला की विष झटकतो, वर रक्त परत निम्म्यापर्यंत भरून घेतो. तिथंही कॅटॅलिस्ट दुसऱ्या निम्म्यासाठीच ठेव. बारा कार्डं टाकली की तो तुझी चाल तिथंच संपवतो, म्हणून ते ब्लेड डान्स त्याआधी दुकानात काढून टाक.