पावसात एलपीला बुरशी

रत्नागिरी: बीटल्सच्या १९६७च्या 'सार्जंट पेपर' या एलपीवर, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकडीवर, पांढरे ठिपके आलेत. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं नुसतं करकरतंय. काय करू?

मालवण: चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. मऊ मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेनेच गोल पुसा, आडवं नाही. लेबल भिजवू नका. लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते.

रत्नागिरी: मग उन्हात वाळवू?

मालवण: नको, वाकेल. पंख्याखाली उभी ठेवा.

दापोली: आतलं कागदी पाकीट बदलाच, बुरशी त्यातच मुरते. आणि ते दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, 'विदिन यू विदाउट यू', वाचवा हो! सतार, दिलरुबा, तबला, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनबरोबर लंडनमधले भारतीय वादक. आपलं संगीत तिथे शोभेला नाही, अख्खं गाणं त्यावर उभं आहे.