ताबा सोडणं आणि ताबा सुटणं

(एक लेख आणि त्याखालचे प्रतिसाद. 'ओसरी', 'तिसरा मजला' वगैरे ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

ओसरी

नवरात्रातली अष्टमी. माझ्या लहानपणी आमच्या आळीत कुणाकडे ना कुणाकडे नव्या सुनेची महालक्ष्मी असायचीच. तांदळाच्या उकडीचा मुखवटा, जरीची साडी नेसवलेली उभी देवी, आणि रात्री घागरी. उदाच्या धुरावर धुपवलेली घागर दोन्ही हातांत धरून बायका तिच्या तोंडाशी फुंकर घालत नाचायच्या. त्या घुमाऱ्यानं छातीत धडधडायचं.

माझी मोठी काकू एरवी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून बोलायची नाही. त्या रात्री फुंकता फुंकता तिचा अंबाडा सुटला, पावलं वेगळीच पडायला लागली. आजोबांना तिनं सरळ नावानं हाक मारली. सासऱ्यांना! म्हणाली, "धाकटीला माहेरी का धाडत नाहीस? तीन वर्षं झाली." आजोबांनी हात जोडले. दिवाळीआधी धाकटी काकू माहेरी गेली. आणि मोठी काकू? दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पोहे भिजवत होती.

माझं म्हणणं असं, की अधूनमधून भान सोडावंसं वाटणं ही भूक आहे, झोपेसारखी. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचवणारे, विसर्जनाला ढोलापुढे घामानं निथळणारे, वारीत पन्नाशीतही फुगड्या घालणाऱ्या बायका यांना ती कळते. भाषेलाही कळते. क्रिकेटचं वेड, लेकरानं लावलेलं वेड. १६७४ साली नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांसह फौजेवर तुटून पडले, त्यालाही आपण वेडच म्हणतो आणि मान झुकवतो. पण आज घरातली सून अशी बोलली, तर लोक तिला आधी डॉक्टरकडे नेतील. मला ते पटत नाही. त्या गोळीनं तिचा आवाजच जाईल.

तिसरा मजला

ताई, तुमच्या काकूबद्दल आदर आहे, पण शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही.

माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा असताना तीन रात्री झोपला नाही. चौथ्या पहाटे साडेतीनला मी उठलो, तर त्यानं छताचा पंखा उतरवून जमिनीवर ठेवलेला आणि खडूनं पात्यांवर आकडे लिहीत बसलेला. डोळे लखलखीत. मला म्हणाला, "दादा, सगळं जुळतंय." आठवड्याभरात त्यानं मोटारसायकल निम्म्या किमतीत विकली आणि पैसे वाटून टाकले. आमच्या घरी कुणी म्हणालं, अंगात आलंय. मग भगत, लिंबं, धुरी. कडुनिंबाच्या फोकांचे वळ मी स्वतः त्याच्या पाठीवर पाहिले. चौदा महिने गेले त्यात. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य, आणि हा त्यातला उन्माद. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या, दर काही महिन्यांनी रक्तातलं प्रमाण तपासतात, आज तो नोकरी करतो.

"ही भूक आहे" हे वाक्य भगतानंही आम्हाला ऐकवलं होतं, देवाची भूक म्हणून. तुमच्या लिखाणानं कुणाचे चौदा महिने जाऊ नयेत एवढंच.

ओसरी

दादा, वाचून हात थरथरला. पण दोन्ही एक नव्हेत. काकूनं ताबा सोडला, तुमच्या भावाचा सुटला. ती सकाळी परत आली. मराठीत ही दोन क्रियापदं वेगळी आहेत ती उगाच नाहीत.

रात्रपाळी

मी एकोणीस वर्षं सरकारी मनोरुग्णालयात परिचारिका आहे. दोघांनाही थोडं सांगते.

घागरीचं आधी. जोरजोरात, न थांबता फुंकलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. त्यात उपास, धूर, रात्र, ठेका. म्हणून ते खोटं असतं असं मी म्हणत नाही. शरीर दार उघडतं, बोलतं मात्र माणूस. काकू काय बोलली ते तुम्हीच लिहिलंय. तीन वर्षं तिला ते म्हणायचंच होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही हे बघितलेलं आहे. अंगात येणं नको असताना येत असेल, रोजच्या जगण्यात घुसत असेल, आणि त्या समाजाच्या रीतीबाहेरचं असेल, तरच तो विकार. जत्रेतली प्रत्येक बाई रुग्ण नाही. पण "सकाळी परत आली" ही कसोटी मला मान्य नाही. माझ्या वॉर्डात सहा आठवड्यांनी परत आलेली माणसं आहेत. तीही परतच आली ना?

शब्दांचं बोलायचं तर १९१२ च्या मनोरुग्णांविषयीच्या कायद्याच्या नावातच 'ल्युनसी' होतं, म्हणजे चंद्रामुळे लागणारं वेड. आपल्याकडेही अमावास्या-पौर्णिमेला "वाढतं" म्हणतात, तेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मात्र दोन गोष्टी स्पष्ट केल्या. समाजाच्या चालीरीती किंवा श्रद्धा कुणी पाळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि आजार आहे म्हणून माणूस 'विकल मनाचा' ठरत नाही, ते न्यायालयानं ठरवावं लागतं. साखळीनं बांधण्यावर तर सरळ बंदी आहे. ती का, हे २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला कळलं होतं. आग लागली, माणसं साखळ्यांनी बांधलेली, २८ जण गेले. दर्ग्याच्या आसऱ्यानं बरं व्हायला आणलेली माणसं होती ती.

तिसरा मजला

धन्यवाद ताई. एक गोष्ट मघाशी लिहिली नाही, ती लिहितो, नाहीतर माझंही अर्धंच खरं.

भावानं दोनदा गोळ्या स्वतःहून बंद केल्या. दुसऱ्यांदा मी संतापून विचारलं, का? तो म्हणाला, "तुला नाही कळणार. त्या दिवसांत मी जितका जिवंत होतो तितका पुन्हा कधी झालो नाही." सोडणं आणि सुटणं वेगळं म्हणता, पण पहिले तीन-चार दिवस तो सोडतच असतो. मजेत असतो. सुटतं ते नंतर, आणि कुठल्या घटकेला ते त्यालाही सांगता येत नाही.

कातळ

मी ट्रेकर. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली बघतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा खालून वारा वर आला आणि मनात लख्खकन आलं, की आत्ता स्वतःला ढकललं तर? जगण्याचा कंटाळा वगैरे काही नव्हता. भीतीनं दगड घट्ट धरला. कितीतरी महिने वाटायचं, आपलं डोकं ठीक नाही. पुढे वाचनात आलं की २०१२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या संशोधकांनी ४३१ विद्यार्थ्यांना हेच विचारलं होतं. ज्यांच्या मनात जीव देण्याचा विचार कधीही आला नव्हता, त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिकांना असं वाटून गेलं होतं. म्हणून लिहितोय. हे कुणी वाचत असेल आणि एकटंच घाबरत असेल, तर एवढ्यानं वेडं ठरत नाही कुणी. विचार हटतच नसेल, तर मात्र आजच कुणाशी तरी बोला.

अर्धी गोळी

मी रुग्ण. आठ वर्षांपूर्वी मला आवाज ऐकू यायचे. ते देवीसारखे बोलायचे नाहीत, फक्त माझ्या चुका मोजायचे. त्यामुळे "भान सोडण्यातला आनंद" वाचताना मला पोटात गोळा येतो. सोडण्यासाठी आधी हातात काही असावं लागतं.

पण दादा, तुमची बाजूही मला पुरती पटत नाही. मी आता बरी आहे, तरी मला भान सोडायची परवानगीच नाही. मागच्या गणपतीत मी गल्लीत नाचले. एकदाच, दहा मिनिटं, केस मोकळे सोडून. घरी आले तर आई दारात उभी, "गोळी घेतलीस ना?" मोठ्यानं हसले, तेच. नवऱ्याशी भांडले, तेच. माझी जाऊ भांडते तेव्हा तिला राग आलेला असतो. मी भांडते तेव्हा माझं डोकं फिरलेलं असतं. वेड म्हणजे काय असं मला विचाराल तर हे, की तुमच्या कुठल्याच वागण्याला आता कारण उरत नाही, आजार हेच एक कारण.

ओसरी

काल रात्रीपासून चारदा लिहून खोडलं. "डॉक्टरकडे नेऊ नये" हे मी मागे घेते, चुकलंच ते. बाकीचं नाही घेत मागे. आणि अर्धी गोळी, तुमच्या प्रतिसादानं मला कळलं की काकूच्या मागे त्या रात्री दोन बायका का उभ्या होत्या. एकीनं तिचं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं, दुसरीचे हात तिच्या कमरेजवळ, न टेकवता. तिला नाचू देत होत्या आणि पडू देणार नव्हत्या. तुमच्यामागे फक्त पहारा उरला.

काकू आता अठ्ठ्याहत्तरची आहे. आज सकाळी फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तुला भान होतं का गं? बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "थोडं होतं. घागर फुटू नये एवढं."

रात्रपाळी

२०१७ च्या त्याच कायद्यात एक सोय आहे, फार कमी जण वापरतात. बरं असताना माणूस लेखी सांगून ठेवू शकतो, की उद्या माझा ताबा सुटला तर उपचार कसे करा, कसे करू नका, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. तातडीच्या उपचारांना ती लागू होत नाही, पण एरवी डॉक्टरांना ती पाळावी लागते, पटत नसेल तर मंडळाकडे अर्ज करावा लागतो. तुमच्या भावाला विचारून बघा.

तिसरा मजला

विचारलं. रविवारी आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. तो सांगत होता, मी लिहीत होतो. दोन रात्री झोप नाही झाली की वाट न बघता न्या. गाडीची किल्ली आणि बँकेचं कार्ड बहिणीकडे. मोठ्या काकांना खोलीत येऊ देऊ नका. माझ्याशी हळू आवाजात बोला, पण खोटं बोलू नका.

मग म्हणाला, अजून एक लिही. मी ढोल वाजवायला गेलो तर लगेच घाबरू नका, आधी विचारा कितीला झोपलास.