परतलेला जेसी, थांबलेला सॅम आणि आपण : अनुभव धागा

टेलर जेन्किन्स रीड यांची २०१६ सालची 'वन ट्रू लव्ज' ही कादंबरी वाचून संपवली आणि आत्याच्या आठवणीने मन भरून आले. एमाचा नवरा जेसी पॅसिफिकवर हेलिकॉप्टरसह बेपत्ता होतो. तो गेला असे समजून ती मॅसॅच्युसेट्समधल्या माहेरी परतते, घरचे पुस्तकांचे दुकान सांभाळते, सॅमशी तिचे लग्न ठरते आणि मग जेसी जिवंत सापडतो. आमच्या आत्याचे पहिले यजमान रत्नागिरीहून बोटीवर गेले, ते परतलेच नाहीत. पुढे तिने दुसरे लग्न केले, संसारही सुखाचा झाला. एमासारखी निवड तिच्यापुढे कधी आली नाही, पण ती येऊ शकेल ही धास्ती, आणि कदाचित आशाही, तिने म्हातारपणापर्यंत मनात वागवली. आपल्या घरात असे काही पाहिले असल्यास अवश्य लिहावे.

वाचनवेडी
आत्याबाईंना सात वर्षे थांबावे लागले असेल ना? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार जोडीदार सात वर्षे हयात असल्याचे कळले नाही, तर घटस्फोट मागता येतो. माझ्या मावशीने तसा अर्ज केला होता. निकाल हाती आला, त्या दिवशी ती जेवली नाही.

धागाकर्ती
हो ताई, सात वर्षांनंतरच. अर्ज सासऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन करवला, याचे मला आजही फार मोल वाटते.

उत्तररात्र
मला गुडियाची आठवण झाली. तिचा नवरा आरिफ हा जवान १९९९ च्या कारगिल युद्धात बेपत्ता झाला होता, तो पाकिस्तानच्या कैदेतून २००४ मध्ये परतला. तोवर तिचे तौफिकशी लग्न झाले होते आणि ती गरोदर होती. गावाने, धर्माच्या जाणकारांनी, दूरचित्रवाणीवर भरवलेल्या पंचायतीनेसुद्धा तिने कोणाकडे राहावे यावर मत दिले. ती आरिफकडे गेली आणि २००६ च्या सुरुवातीला वारली. एमा अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या घरी जेसीसोबत काही दिवस राहून स्वतः ठरवते. तो वेळ गुडियाला कोणी दिलाच नाही, म्हणून ही कादंबरी वाचताना मला एमाचा हेवा वाटला.

वाचनवेडी
तेव्हा ते कार्यक्रम आमच्या घरी सगळे बसून पाहत असत. आई मध्येच उठून गेली होती, ते आठवले.

सह्यकडा
सॅमबद्दल कोणीच कसे लिहिले नाही? माझ्या पत्नीचे पहिले यजमान अपघातात गेले. त्यांची तसबीर आमच्या बैठकीच्या खोलीत आहे आणि त्यांच्या आईवडिलांना मीही आई-बाबाच म्हणतो. ते परत आले असते तर काय, हा प्रश्न मी तिला कधी विचारला नाही, कारण उत्तर काहीही असले तरी तिला ते देताना त्रासच झाला असता. एमाला जाऊ देणारा सॅम अनेकांना दुबळा वाटतो, असे मी ऐकले आहे. मला तो या तिघांत सर्वांत धीराचा वाटतो, कारण ती परत येईल याची कसलीही खात्री नसताना तो तिला अडवत नाही.

धागाकर्ती
दादा, हे आमच्या काकांना वाचून दाखवते. आत्या गेल्यापासून तिच्याविषयी कोणी काही विचारले की ते मनापासून बोलतात.