विषय: टू-स्ट्रोक का फोर-स्ट्रोक, गावाकडच्या वावरासाठी

दारव्ह्याकडचा, सध्या टेक्सास

नमस्कार मंडळी, गणपती वर्गणीच्या मेलमधी घुसवलं तर खजिनदार काका रागावतात म्हणून वेगळा विषय टाकतो. मी इकडं दोन वर्षांपासून 125 सीसीची टू-स्ट्रोक डर्ट बाइक चालवतो, शनिवार-रविवार ट्रेलवर जातो, बायको म्हणते पोट्टा झाला पुन्हा. येत्या डिसेंबरात तीन आठवडे गावी जाऊन राह्यलो, तर म्हटलं एक गाडी तिकडंच घेऊन ठेवावी, माझे तीन आठवडे आन बाकीचं वर्ष पुतण्या चालवंल, तो 19चा हाय. मन टू-स्ट्रोकवरच हाय, बाबांची राजदूत होती, तो धुराचा वास अजून नाकात बसलाय. पण इथला एक मित्र म्हणतो फोर-स्ट्रोकच घे. तुमचं काय म्हणणं?

वरुडची ताई, सध्या न्यू जर्सी

भाऊ, डिसेंबरात पऱ्हाटी वेचणीला असते एवढं ध्यानात ठेव. वेचणीच्या बाया वावरात आन तू मधातून भर्रकन गेला तर त्या तुले दोन्ही स्ट्रोक दाखवतीन. बाकी मले गाडीतलं काही समजत नाही, वाचून राह्यले फक्त.

दिग्रसचा, 2019 पासून परत गावी

मी अजून या लिस्टवर हाय हे लोक विसरले असतीन, पण हा विषय पाहून राहवलं नाही.

पहिले इंजिनाचं बोलू. टू-स्ट्रोकमधी क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवते त्या दांड्याच्या, दर फेऱ्याले एक स्फोट, फोर-स्ट्रोकमधी दोन फेऱ्यांत एक, म्हणून रेसमधी 125 टू-स्ट्रोकसमोर 250 फोर-स्ट्रोक उभी करतात आन 250समोर 450. हे सारं यामाहानं 1998 मधी वायझेड 400 एफ ही फोर-स्ट्रोक आणली तवापासून बदललं, त्याच्या पहिले कित्येक वर्षं मोटोक्रॉस म्हणजे टू-स्ट्रोकच. टू-स्ट्रोकमधी फोर-स्ट्रोकसारखे वॉल्व नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही, म्हणून ती हलकी आन उघडायले सोपी, पिस्टन-रिंग टाकली की झाली पुन्हा नवी. रेसच्या फोर-स्ट्रोकचं हेड उघडायचं म्हटलं तर मिस्तरी पहिले खुर्ची घेऊन बसतो आन मंग खर्च सांगतो. तिथपर्यंत तुझं मन बरोबर हाय.

आता वावराचं ऐक. तुझी 125 खालच्या आरपीएमवर झोपलेली असते, वर गेली की एकदम झटका देते. टेक्सासच्या कडक मातीत मजा येते. आपली काळी माती दोन पाण्यांनंतर कशी होते तुले सांगाव लागते काय? पांदणीत मागचं चाक गरकन फिरते, जाग्यावरच खड्डा करते, आन मडगार्ड आन टायरच्या मधी चिखल असा बसतो की चाकच जाम, मंग काडी घेऊन बसा खरडत. तिथं खालून हळूहळू ओढणारं इंजिन पाहिजे, बंडीच्या बैलासारखं. 300ची एन्ड्युरो टू-स्ट्रोक खालून ओढते म्हणा, पण तिचे पैसे ऐकून तुझे बाबा वावर विकाव लागते काय म्हणतीन.

आन मुख्य गोष्ट ना इंजिनाची ना चिखलाची, कोठ्यातल्या कॅनची हाय. माझ्याकडं पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप हाय, टू-स्ट्रोकच, लिटरले 25 मिली ऑइल म्हणजे 40ले 1. मी सांगितलं, लिहून चिकटवलं, कॅनले लाल चिंधी बांधली. तरी मागच्या सीझनले घाईत कोणतरी बिनचिंधीच्या कॅनातलं, मोटरसायकलसाठी ठेवलेलं साधं पेट्रोल टाकलं, आन दोन तासांत घर्रर्र करून पिस्टन धरला. कोणी टाकलं आजपर्यंत कबूल नाही, माझ्या मते माझ्याच भाच्यानं. सालदार बिचारा चार दिवस पाठीवरच्या हातपंपानं फवारत राह्यला. टू-स्ट्रोकमधी क्रँककेसले वेगळं ऑइल नसते, पेट्रोलासोबत जाते तेवढंच, ते नसलं की संपलं. तुझ्या गाडीत पुतण्याचा मित्र येऊन पेट्रोल टाकीन तवा तू तिकडं झोपलेला राहशीन.

पेट्रोल पंपावर आता ई-20 मिळते, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल ओलावा ओढते, पावसाळाभर गाडी उभी राह्यली तर टाकीत पाणी खाली बसते आन कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक छिद्र, बुजते. म्हणजे वर्षातले तीन आठवडे जी गाडी पाहिजे ती तवाच चालू होणार नाही.

दारव्ह्याकडचा

> टाकीत पाणी खाली बसते

हे खरंच डोक्यात नव्हतं, इकडं मी बिनइथेनॉलचं शोधून टाकतो. पण काका, वजनाचं काय? माझी इकडची 95 किलोच्या आसपास हाय, नाल्यात पडली तरी एकट्यानं उचलतो. हिरोची एक्सपल्स पाहिली, ती फोर-स्ट्रोक, दीडशेच्या वर जाते. आन ते रेसवाल्या 250 एफचं तरी चालंल ना, ती फोर-स्ट्रोकच हाय.

दिग्रसचा

250 एफ तर बिलकुल नाही बाप्पा. तिच्यात ऑइल जेमतेम लिटरभर, ते तासांच्या हिशोबानं बदलाव लागते, किलोमीटरच्या नाही. पुतण्या तासांचा हिशोब ठेवंल काय? परीक्षेचा नाही ठेवला त्यानं. शिवाय तिचं पासिंग होत नाही, नंबर प्लेट नाही, म्हणजे घरून वावरापर्यंतची डांबरी सडक पण तिच्यासाठी बंद, ट्रॉलीत टाकून नेशीन काय?

वजनाचं तू बरोबर बोलला, एक्सपल्स पडली की दोघं लागतात, मी एकदा अर्धा तास नाल्यात तिच्या शेजारी बसून राह्यलो रोह्यांकडं पाहत. पण पुढं 21 इंची चाक, मागं 18 इंची, खालून 220 मिमी मोकळी, धुऱ्यावरून आरामात निघते. आन तालुक्याले पार्ट भेटतात. मागं सीट हाय, म्हणजे आईले दवाखान्यात नेता येते, खताची बॅग बांधता येते, तुझ्या 125वर डबा ठेवायले जागा नाही.

राजदूतचा वास पाहिजे असंल तर यामाहाची जुनी टू-स्ट्रोक आरएक्स 100 पाहा, 1985 ते 96 मधली, चांगली असंल तर नव्या गाडीएवढे मागतात. तिले ऑइलची वेगळी टाकी असते, कॅनची भानगड नाही. ती बैठकीसमोर ठेव आन संध्याकाळी फाट्यावर चहाले ने. चिखलात नेऊ नको.

वरुडची ताई

म्हणजे दोन गाड्या? भाऊ, बायकोले या लिस्टवर घेऊ का?

दारव्ह्याकडचा

ताई, नको. काका, एक्सपल्स पक्की, पुतण्याले आजच सांगतो. आरएक्स कोणाकडं असंल तर मले वेगळा मेल करा, लिस्टवर नको.

दिग्रसचा

येताना इकडं भेटत नाहीत असे डर्ट बाइकचे बूट आन, 9 नंबर. नाल्यात पाय सायलेन्सरले लागला होता तो डाग अजून गेला नाही.