मुलांना सिनेगॉग दाखवलं. जाऊबाई म्हणतात, ‘झाली का राणीची बाग पाहून?’

ठाणेकरीण:
आम्ही चौघं, मुलं ११ आणि ८ वर्षांची. वर्षभर महिन्यातला एक रविवार ठरवून ठेवलाय. दोन-तीन तासांच्या अंतरावर राहणारी, पण आपल्याला मुळीच माहीत नसलेली माणसं भेटायची. वसई झाली, कोर्लई झाली. गेल्या रविवारी अलिबागची इस्राएल आळी, म्हणजे तिथल्या ज्यूंची वस्ती आणि त्यांचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग. तिथल्या काकांनी धाकट्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, ती दर दोन मिनिटांनी घसरायची आणि काका न बोलता परत बसवायचे. आपल्या पूर्वजांची गोष्ट मात्र अगदी रंगून सांगितली. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पुढे तेलाचे घाणे चालवायला लागली. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा घाणा बंद, म्हणून गावानं नाव पाडलं ‘शनवार तेली’. परत येताना थोरली म्हणाली, “म्हणजे पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आपल्यासारखीच गावावरनं आडनावं?” मला तर दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटलं. रात्री फोटो बघून जाऊबाईंचा वरचा मेसेज. लागला मला. आमचं काही चुकतंय का?

खवचट_काका:
जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. दोन तास, चार फोटो, एक स्टेटस, याला ओळख म्हणत नाहीत. तुमच्या मजल्यावर कोण राहतं? ईदला शेजारून शीरखुर्मा येतो का, आणि आला तर खाल्ला जातो का? त्याला पेट्रोल लागत नाही.

शनवारतेली:
काका, पेट्रोल जाळून कोणी आलं तर मला आनंदच आहे. मी बेने इस्राएल, म्हणजे त्याच कोकणातल्या ज्यूंपैकी, माहेर पेणचं, अर्धं गोत आता इस्राएलमध्ये, लोद आणि अश्दोदला. अलिबागेत प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर फोनाफोनी करावी लागते. अशा वेळी एखादं पोर आत येऊन “हे काय?” विचारतं, तर सांगणाऱ्यालाही बरं वाटतं. माझी आजी सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणायची. मुंबईच्या मशीद स्टेशनचं नाव आमच्या १७९६ च्या सिनेगॉगवरून पडलं, असं आमच्यात सांगतात. ठाणेकरीण, पुढच्या वेळी मालिद्याला, म्हणजे आमच्या आभाराच्या प्रार्थनेला या. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर फळं, आणि आमचे प्रेषित एलियाहू हन्नाबी यांचं नाव. फक्त शनिवारी कॅमेरा घेऊन येऊ नका.

कुपारी_पोरगा:
मी काकांच्या बाजूचा. आम्ही वसईचे सामवेदी ख्रिस्ती. येणारा प्रत्येक जण म्हणतो, “तुम्ही मराठी किती छान बोलता!” अहो, आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आमची घरची बोली कादोडी, तिच्याबद्दल कोणी अवाक्षर विचारत नाही. लाल लुगड्यातल्या म्हातारीचा फोटो मात्र सगळ्यांना हवा. एकदा ओट्यावर वाल सोलत बसलेल्या माझ्या आजीला एक बाई म्हणाल्या, “आजी, जरा तिकडे बघा ना.” आजीनं सूप बाजूला ठेवलं आणि बघितलं. ते मला अजून खुपतं.

ठाणेकरीण:
“छान मराठी बोलता” हे वाक्य आमच्या ह्यांनी म्हटलंय. वसईतच. आता तुमचं वाचून दाखवलं तर मान खाली घालून बसलेत.
आणि काका, शीरखुर्मा येतो. सासूबाई हसून भांडं घेतात, “कशाला एवढं” म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तो कामवाल्या मावशींकडे जातो. मुलांनी हे पाहिलंय.

खवचट_काका:
आता कसं बोललात.

उलटा_हिशेब:
काका, पण तोवर मुलांना घरातच ठेवायचं का? सासूबाईंच्या हातून जे सुटत नाही ते मुलांच्या हातून सुटावं, म्हणून तर ही बाई फिरतेय. माझा आक्षेप निराळा आहे. कोर्लईत किल्ल्याखाली जेमतेम हजारेक माणसं पोर्तुगीजमधून उपजलेली बोली बोलतात. ‘नौ लिंग’ म्हणतात तिला, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, भाषा घरात राहिली. तिथून मुलं किती शब्द घेऊन आली? आणि इतक्या घरांत चहा प्यालात, त्यातलं तुमच्या गणपतीला कोण आलं?

ठाणेकरीण:
शब्द एकही नाही. मासळी मात्र आणली. गणपतीला कोणी नाही. खरं सांगायचं तर सुचलंच नाही.

शनवारतेली:
मला बोलवा, येते. पेणला लहानपणी शेजारच्यांकडे उकडीचे मोदक ढीगभर खाल्लेत. आरतीला उभी राहणार नाही, बाजूला खुर्चीत बसेन. त्यावर तुमच्या स्वयंपाकघरात कुजबुज झाली तर होऊ द्या.

कुपारी_पोरगा:
मीपण येईन. बघा, आजीलासुद्धा आणेन. तिचा फोटो काढायचा तर आधी तिला विचारायचं.

ठाणेकरीण:
या दोघंही, तिघंही. गौरी जेवणाच्या दिवशी या, जाऊबाई त्याच दिवशी असतात. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

खवचट_काका:
आणि शेजारच्या शीरखुर्मेवाल्यांना?